न गंजणारी गाडी आणि तिची तहान

जुन्या गाडीचं दुखणं बाहेरून कळतं, अशी आपली एक भाबडी समजूत असते. दाराखाली गंज, चाकावरच्या कमानीला भोकं, बंपरला चिकटपट्टी असं काही दिसलं की घेणारा सावध होतो. सॅटर्न एस-सिरीज या छोट्या अमेरिकन गाडीने ही सोयच ठेवलेली नाही. ओहायो-मिशिगनकडे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरतात, त्या मिठात वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या एसएल1ची (हे तिचं चार दारांचं साधं मॉडेल) दारं आजही धडधाकट दिसतात. बॉनेटखाली मात्र इंजिन तेलाच्या शेवटच्या लिटरवर दिवस काढत असतं. चेहरा इतका टवटवीत असला की नाडी बघायची कोणाला आठवण होत नाही, आणि माझ्या मते या गाडीच्या निम्म्या मृत्यूंचं कारण हेच आहे.

सॅटर्न म्हणजे शनी, त्यामुळे शनिवार, तेल आणि साडेसाती हे विनोद अमेरिकेतल्या मराठी मालकांनी नव्वदच्या दशकातच करून संपवले असणार, तेव्हा ते बाजूला ठेवून कामाचं बोलू.

जपानी सिव्हिक-कोरोलांना तोंड देण्यासाठी जनरल मोटर्सने सॅटर्न नावाची वेगळी कंपनीच काढली. टेनेसीतल्या स्प्रिंग हिलच्या कारखान्यातून 30 जुलै 1990 रोजी पहिली गाडी बाहेर पडली. ‘नो हॅगल’ हा या कंपनीचा बाणा होता. काचेवर लिहिलेली किंमत हीच किंमत. आपल्या माणसाची यात केवढी पंचाईत! दोन हजार कमी करा म्हणायचं नाही, निघून जायचं नाटक करायचं नाही, निदान फ्लोअर मॅट तरी फुकट टाका म्हणायचं नाही. वर गाडी ताब्यात देताना शोरूममधली सगळी मंडळी गोळा होऊन टाळ्या वाजवायची, फोटो काढायची. पूर्ण किंमत मोजून घेतल्याबद्दल जाहीर सत्कार! पण बोलणं नुसतं तोंडदेखलं नव्हतं. 1991 मध्ये सदोष कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरलेल्या 1,836 गाड्या निघाल्या, तेव्हा कंपनीने कूलंट बदलून देण्याऐवजी गाड्याच बदलून दिल्या. 1994 साली स्प्रिंग हिलला मालकांचा मेळावा भरला, त्याला 40,000 हून जास्त लोक स्वखर्चाने आले. एका साध्या चार दारांच्या गाडीसाठी!

आता गुण. दारं, चाकांवरचे फेंडर आणि बंपर प्लास्टिकचे, आतल्या पोलादी सांगाड्यावर स्क्रू-बोल्टने बसवलेले. पार्किंगमध्ये शेजारच्याने दार आपटलं किंवा वाऱ्याने शॉपिंग कार्ट येऊन धडकली, तर पत्रा दबतो तसं हे दबत नाही. आत जातं आणि परत बाहेर येतं. लोहचुंबक लावून पाहा, खाली पडतो. मात्र बॉनेट, छप्पर आणि डिकीचं झाकण पोलादीच आहे. त्यामुळे गारपीट झाली की गाडीच्या बाजू जशाच्या तशा आणि वरचा भाग देवीचे व्रण उठल्यासारखा. प्लास्टिक उन्हात फुगतं म्हणून दारांच्या फटी मुद्दाम रुंद ठेवल्या आहेत. त्या पाहून ‘ही ठोकलेली दिसते’ असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नये. कडाक्याच्या थंडीत मात्र हेच प्लास्टिक कडक होतं आणि जोराचा फटका बसला तर सरळ तडकतं. मग जंकयार्डात जायचं, त्याच वर्षांतल्या दुसऱ्या एसएलचं दार किंवा फेंडर काढायचं आणि आपल्या गाडीला लावायचं. रंग जुळला तर नशीब. नाही जुळला तर हिरव्या गाडीला एक लाल दार घेऊन फिरायची तयारी हवी. सॅटर्नवाले ते मिरवतातही.

वजन जेमतेम टनभर, 1.9 लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) फिरवायला पट्टा नाही तर साखळी. 1995 पासूनच्या एसएल1ला 100 हॉर्सपॉवर, दोन कॅमशाफ्टवाल्या एसएल2ला 124. पाच गिअरची मॅन्युअल गाडी हायवेवर गॅलनला 40 मैलांच्या आसपास जाते, म्हणजे लिटरला सतराएक किलोमीटर. ‘किती देते?’ या आपल्या राष्ट्रीय प्रश्नाला इतकं ठसठशीत उत्तर देणाऱ्या अमेरिकन गाड्या त्या काळी फार नव्हत्या. आवाजाबद्दल मात्र विचारू नये. चढावर रेडिओ आणि इंजिन यांपैकी एकच काय ते ऐकू येतं. 1994 पर्यंतच्या मॉडेलांत खांद्याचा पट्टा मोटरवर चालतो: दार लावून किल्ली फिरवली की तो रुळावरून सरकत येऊन बसणाऱ्याला आपण होऊन बांधतो. हातात कॉफी असेल तर तिच्यासकट. आणि 1999 च्या दोन दारांच्या कूपेला ड्रायव्हरच्या बाजूने मागे एक जादा दार दिलं, म्हणजे डावीकडे दोन दारं, उजवीकडे एक. ही कल्पना ज्याला सुचली त्याच्याबद्दल मला आदर आहे.

आता तेल.

पिस्टनवर तीन रिंगा असतात. सगळ्यांत खालची रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल खरवडून परत खाली धाडते. ते परत जायला रिंगेमागे पिस्टनमध्ये पुरेशा वाटा लागतात. सॅटर्नच्या पिस्टनमध्ये याच वाटा तोकड्या. तेल तिथे साचतं, भाजून त्याचा कोळसा होतो, रिंग खाचेत घट्ट बसते आणि खरवडायचं काम सोडून देते. मग तेल वर जाऊन पेट्रोलबरोबर जळतं. गंमत म्हणजे धूर फारसा दिसत नाही, कारण धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तो मुकाट्याने गिळतो आणि काही वर्षांनी स्वतःच गुदमरतो.

हजार मैलांना एक क्वार्ट, म्हणजे साधारण 950 मिलिलिटर, पिणारी सॅटर्न मालकांमध्ये ‘बरी’ समजली जाते. इंजिनात मावतं फिल्टरसकट 4 क्वार्ट. आता तीन हजार मैलांनी ऑइल बदलायची शिस्त पाळणारा, मधे एकदाही बॉनेट न उघडणारा सज्जन मालक डोळ्यांसमोर आणा. तो वेळेवर गॅरेजात पोचतो तेव्हा आत एकच क्वार्ट उरलेलं असतं. शिस्त शंभर टक्के, तेल पंचवीस टक्के. कॅमच्या साखळीचा ताण तेलाच्या दाबावर राखला जातो. तेल कमी पडलं की साखळी सैल होऊन खडखडते, आणि पुढे जे होतं त्याला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. ‘पण लाल दिवा पेटला नव्हता!’ हे त्यानंतरचं ठरलेलं वाक्य. तो दिवा तेलाचा दाब दाखवतो, पातळी नाही. तो पेटतो तेव्हा सूचना देत नसतो, निकाल वाचून दाखवत असतो.

म्हणून दर टाकीला डिपस्टिक. टाकी 12 गॅलनची, म्हणजे साडेतीनशे-चारशे मैलांनी पंपावर जावं लागतंच. गाडी सपाट जागी उभी करून बंद करायची, पेट्रोल भरून होईपर्यंत तेल खाली उतरतं. काडी काढायची, पुसायची, पूर्ण आत घालायची, मग काढून वाचायची. पहिल्याच वेळी काढून वाचणारे लोक पुढे गाडीला नावं ठेवतात. खालच्या आणि वरच्या खुणेत एका क्वार्टचं अंतर असतं. अर्ध्यावर आलं की अर्धा क्वार्ट 5डब्ल्यू-30 दर्जाचं इंजिन ऑइल ओतायचं. वरच्या खुणेपलीकडे भरून ‘आता महिनाभर बघायला नको’ असा हिशेब करू नये. पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, त्या तेलाला फेस आणतो आणि फेसाने दाब राहत नाही.

इलाज आधी स्वस्तातला करावा. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात साचणारी वाफ बाहेर काढणारी छोटी झडप, काढून कानाशी हलवायचा. खुळखुळला तर ठीक, नाही तर काही डॉलरांत नवा. त्यानंतर ‘पिस्टन सोक’, म्हणजे पिस्टन औषधात भिजवणं. इंजिन कोमट असताना चारही स्पार्क प्लग काढायचे. चार लांब काड्या प्लगच्या भोकांतून पिस्टनवर टेकवायच्या आणि क्रँकचा बोल्ट पान्याने सावकाश फिरवत चारही काड्या एका उंचीला आणायच्या. म्हणजे चारही पिस्टन निम्म्यावर येतात आणि औषध सगळ्यांना सारखं पोचतं. मग कार्बन विरघळवणारं द्रावण प्रत्येक भोकात पन्नासेक मिलिलिटर घालून रात्रभर सोडायचं. सकाळी वर राहिलेलं शोषून घ्यायचं, कॉइलची जोडणी सोडवायची, भोकांवर फडकं टाकायचं आणि प्लग न लावता स्टार्टर मारायचा. प्लग लावून मारला तर द्रव दाबला जात नाही, त्याऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो. नंतर ऑइल आणि फिल्टर बदलणं सक्तीचं, कारण अर्धं द्रावण झिरपून खाली तेलात गेलेलं असतं. पहिल्यांदा इंजिन सुरू कराल तेव्हा असा पांढरा धूर निघेल की शेजारी 911 लावून अग्निशमन दल बोलावतील, म्हणून त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवणं हा या कृतीचाच भाग समजावा. उतार पडतो का? पुष्कळदा तेल पिणं निम्म्यावर येतं, कधी काहीच फरक पडत नाही. खरा उपाय म्हणजे इंजिन खोलून नव्या रिंगा आणि पिस्टनला जादा भोकं. तो हिशेब कागदावर मांडला की माणूस गपचूप तेलाची पेटी घेऊन येतो.

दुसरं दुखणं अंगठ्याएवढं. कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर. मूळ सेन्सरचं टोक प्लास्टिकचं, ते कालांतराने तडकतं आणि कूलंट त्यातून वायरच्या जोडात झिरपतं. जोड उपटून पाहिला तर पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. मग इंजिन गरम झालं तरी कॉम्प्युटरच्या लेखी थंडच. तो पेट्रोल ओतत राहतो, अ‍ॅव्हरेज बसतं, गरम गाडी पटकन सुरू होत नाही, ऑटोमॅटिक गिअर धसमुसळेपणा करतात आणि पंखा लागतच नाही. मालक बिचारा थर्मोस्टॅट, पंप, रेडिएटर असं एकेक बदलत जातो. पितळी टोकाचा सेन्सर घ्यावा, सोबत वायरचा जोडही नवा घ्यावा. जुन्या हिरव्या जोडात नवा सेन्सर लावणं म्हणजे पैसे पाण्यात, तेही कूलंटच्या. काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचं. रस्त्यातच काटा वर चढू लागला तर एसी चालू करा, त्यानिमित्ताने पंखा फिरतो.

बाकीचं भराभर. सिग्नलला ‘डी’मध्ये उभं असताना आरसा थरथरत असेल तर इंजिनाचं वरचं माउंट (इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार) फाटलंय. खालून जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून इंजिन तोलून धरा आणि बदला, तासाभराचं काम. ऑटोमॅटिक रिव्हर्समध्ये टाकताना मागून कोणी लाथ घातल्यासारखा दणका बसत असेल, तर गिअरबॉक्समधली, तेल वळवून गिअर बदलणारी व्हॉल्व्ह बॉडी झिजली आहे किंवा तिथल्याच इनपुट शाफ्टचा नट सैल होतोय. नट असेल तर चालढकल करू नका, एक दिवस रिव्हर्सच जातो आणि मग पार्किंग निवडताना बुद्धिबळासारखा पुढच्या खेळ्यांचा विचार करावा लागतो. मॅन्युअलवाल्यांनी बर्फात एक चाक जागच्या जागी फिरवत बसू नये. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलची पिन सटकून गिअरबॉक्सचं कवच फोडून बाहेर येते.

आणि झटपट ऑइल बदलून देणाऱ्या दुकानात गेलात तर गाडीखालच्या पोराकडे लक्ष ठेवा. या गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सलाही इंजिनासारखाच फिरवून काढायचा फिल्टर आहे आणि खाली वेगळा ड्रेन प्लग. घाईत तो गिअरबॉक्सचं लाल तेल काढतो, आणि इंजिनात आधीच्या तेलावर नवं 4 क्वार्ट ओततो. सॅटर्नच्या आयुष्यात इंजिन काठोकाठ भरलेलं असण्याचा हा एकमेव प्रसंग, आणि तोही जीवघेणा. निघालेलं तेल लाल दिसलं की तिथेच थांबवा.

2002 मध्ये एस-सिरीज बंद झाली, तिच्या जागी आयॉन आली. 2009 मध्ये पेन्स्के कंपनी सॅटर्न घ्यायला निघाली होती, ते बोलणं फिसकटलं आणि ब्रँडच गुंडाळला गेला. सेन्सर, माउंट, फिल्टर अजून दुकानांत मिळतात, दारं-फेंडरसाठी जंकयार्ड.

अशी एखादी विकत घ्यायला गेलात तर बाहेरून बघण्यात वेळ घालवू नका, ती चांगलीच दिसणार. रिव्हर्स टाकून दणका बघा, सेन्सरचा जोड उपटून हिरवं बघा, कूलंटच्या टाकीत दुधाळ चिखल नाही ना ते बघा, कारण एका कॅमवाल्या इंजिनांचे हेडही तडकतात. मग डिकी उघडायला सांगा. स्टेपनीशेजारी तेलाच्या अर्धवट बाटल्या, नरसाळं आणि काळं फडकं दिसलं तर बेलाशक घ्या. डिकी झाडून-पुसून स्वच्छ असेल आणि मालक छातीठोकपणे म्हणत असेल की हिला कधी तेल घालावंच लागलं नाही, तर त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवा आणि तिथून निघा.