अंतरपाटाचं एक टोक

उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. रविवारी मेहुण्याच्या पोरीचं लग्न झालं, कोल्हापुरात फुलेवाडी रिंग रोडच्या एका हॉलमध्ये. आज बुधवार. भांग डाव्या हातानं पाडतोय आणि तो दिसतोही तसाच.

चूक माझीच, असं बायकोचं म्हणणं. माईकवरून पुकारा झाला, "नवरीच्या मामांनी ताबडतोब स्टेजवर यावं." आता आमच्याकडं आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. ती पोरगी बोलायला लागल्यापासून मला मामा म्हणते. गेलो. तर माईकवाल्यानं माईक बंद न करताच सांगितलं, "ह्ये नव्हं, खरं मामा पायजेत." हॉल हसला. खरे मामा खाली खुर्चीत बसून फेटा बांधून घेत होते. मी आल्या पावली परतणार, तोच गुरुजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "उंची बरी आहे. आलाच आहात तर हे टोक धरा. दोन मिनिटं."

नवरा सहा फुटी, त्यावर फेटा, फेट्यावर तुरा. त्या तुऱ्याच्या वर अंतरपाट धरायचा. दुसऱ्या टोकाला नवऱ्याकडचे एक आजोबा. वय सत्तरीच्या पुढं, कुस्तीत मोडलेले दोन्ही कान, मान जवळपास नाहीच. उंचीला माझ्या खांद्याएवढे, म्हणून पायाखाली पाट घेऊन उभे. हात मात्र असे वर गेलेले, की देवळाच्या खांबालाही लाज वाटावी.

पहिली दोन मंगलाष्टकं झकास झाली. तिसऱ्याच्या मध्येच माईकवाल्यानं गुरुजींना थांबवलं. "एक आनंदाची बातमी हाय. सायेब किणी टोल नाक्यावर पोचल्यात. सायेब आल्यावरच शेवटची अक्षता पडंल."

किणी टोल नाका! म्हणजे तिथून महामार्गानं शिरोली, मग तावडे हॉटेल, मग कावळा नाका, मग गावातली सगळी गर्दी आणि मग रंकाळ्यावरून आम्ही. गुरुजी म्हणाले, मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा आहे. मेहुणा म्हणाला, "वाढवा की गुरुजी, तुमच्याकडं काय श्लोकांचा तोटा हाय?" आणि एकदा धरलेला अंतरपाट मध्येच खाली घेता येत नाही.

"पावणं," आजोबा म्हणाले, "कोपार ढिलं पडलं तुमचं."

"दुखतंय हो."

"दुखणारच. खांद्यात जीवच न्हाई तुमच्या. जोर काढलाईसा का कवा?"

"नाही."

"मग पोटानं धरा."

पोटानं अंतरपाट कसा धरायचा हे मला अजून कळलेलं नाही. मी पोट आत घेतलं. "असं न्हवं, भाईर," ते म्हणाले. मी बाहेर काढलं. फोटोग्राफर ओरडला, "ओ काका, पोट येतंय फ्रेममध्ये."

वेळ जावा म्हणून मी मोजायला लागलो. मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडितात. ओळीला १९ अक्षरं, श्लोकाला ७६, आठ श्लोकांना ६०८. शाळेत मास्तरांनी छडी दाखवूनही जे वृत्त डोक्यात शिरलं नाही, ते रविवारी दंडातून शिरलं. पण आठावर थांबतंय कोण? नवऱ्याच्या मावशीनं स्वतः रचलेलं म्हटलं, त्यात दोन्ही घराण्यांची सगळी नावं. कुणाच्या धाकट्या जावेचं राहिलं म्हणून ती ओळ पुन्हा.

मग गुरुजींनी नद्या काढल्या. गंगा सिंधु सरस्वती च यमुना गोदावरी नर्मदा. आजोबांनी सगळ्या नद्या कान देऊन ऐकल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"गुरुजी, आमची पंचगंगा कुठं हाय?"

गुरुजी म्हणाले, ती या श्लोकात नाही.

"न्हाई म्हंजे? कावेरी हाय, गंडकी हाय, आन कोल्हापुरात लगीन लावताय तर पंचगंगा न्हाई? पानी कुनाचं प्येताय?"

"आजोबा, श्लोक जुना आहे."

"नदी काय काल झाली व्हय?" मग ते माझ्याकडं वळले. हात इंचभरही न हलवता. "पावणं, शिकल्यालं दिसताय. पंचगंगा कशाकशाची हुती?"

मी म्हटलं, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती.

"सरस्वती! आत्ता म्हनला की ह्यो बाबा सरस्वती. म्हंजे पंचगंगा आली. चालू द्या गुरुजी."

गुरुजींनी चालू केलं. साहेब शिरोलीत होते.

माझ्या बरोबर समोर भला मोठा एलईडी पडदा. त्यावर वधूवरांचं पन्हाळ्यावरचं प्री-वेडिंग शूट चालू. धुक्यात ती पळतेय, हा पकडतोय. या दोघांनी एकमेकांचं तोंड बघू नये म्हणून मी पाऊण तास हात वर करून उभा होतो! सावधान शब्द ऐकून रामदास स्वामी बोहल्यावरून पळाले म्हणतात. त्यांचे निदान हात मोकळे होते.

"ह्या खासबागेत, कुस्तीच्या मैदानात," आजोबांचं चालूच, "म्या पंचवीस मिंटं एका गड्याला खाली धरून ठिवल्ता. त्यो हालत हुता. ह्यो कपडा तर हालत बी न्हाई." मी सहानुभूती मिळावी म्हणून कण्हलो. ते म्हणाले, "तवा गड्याचा पाय धरून पट काढायचा असतोय, आत्ता पट धरायचा. येवडाच फरक." आणि स्वतःच्या विनोदावर इतके गदगदून हसले की पाट डुगडुगला. त्यांच्या बाजूचं टोक मात्र जिथल्या तिथं.

साहेब आले. सव्वा वाजून गेला होता. लहान पोरं भुकेनं रडून झोपली होती, म्हाताऱ्यांच्या मुठीतल्या अक्षता घामानं चिकटून त्यांचा भात व्हायचा बाकी होता. १९१७ साली ज्या गावच्या राजानं, शाहू महाराजांनी, विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, त्या गावात शंभर वर्षांनंतर एका माणसाची गाडी नाका ओलांडत नाही म्हणून चारशे लोकांचं जेवण अडतं आणि कुणी चकार शब्द काढत नाही. मीही काढला नाही. साहेबांनी नवऱ्याच्या भावाला नवरा समजून हस्तांदोलन केलं, मोजून चार मिनिटं थांबले, जेवले नाहीत. फेटा मात्र बांधून गेले. तो माझ्या नावचा होता. हे मला नंतर फेटेवाल्यानंच सांगितलं, "तुम्ही बिझी होता ना."

शेवटचं सावधान झालं. गुरुजी म्हणाले, अंतरपाट उत्तरेकडं ओढा. एसी हॉलमध्ये उत्तर कुठं? माईकवाला पार्किंगकडं बोट दाखवत होता, मेहुणा भटारखान्याकडं. "जोतिबा तिकडं," आजोबा म्हणाले आणि एका झटक्यात कापड ओढलं. त्याबरोबर मीही गेलो, जोतिबाकडं. सगळ्या अक्षता माझ्या पाठीवर. अल्बममध्ये माझं एवढंच आहे, दहा बोटं आणि एक पाठ.

मानपानात माझ्या वाट्याला टॉवेल-टोपी आली. बायकोला म्हटलं, बावीस वर्षांचा जावई आहे मी या घरचा. ती म्हणाली, "दोन मिनिटं उभं राहिलात तर काय झालं?"

पंगतीत जिलेबीसाठी हात उचलेना, तेव्हा आजोबाच शेजारी येऊन बसले. त्यांनी माझ्या पानात मठ्ठा ओतून घेतला, दोन जिलेब्या ठेवल्या, मग तो अंतरपाट कुंकवाच्या स्वस्तिकासकट माझ्या डोक्याला गुंडाळला. मोठ्या निगुतीनं, शेमला वगैरे काढून. "घ्या. तुमचा फेटा." खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

जिलेबी तोंडात जायच्या आत गुरुजी धावत आले आणि फेटा सोडायला लागले. संध्याकाळी वडणग्याला गोरज मुहूर्त होता, आणि तो कपडा त्यांचा होता. घडी घालता घालता त्यांनी मला पुन्हा एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"संध्याकाळी काय करताय?"