सुई लावली की गाठ खवळते?

“छातीत गाठ निघाली तर सुई लावू देऊ नका, गाठ खवळते आणि कॅन्सर पसरतो. ऑपरेशनला छाती उभी फाडतात. सहा महिने टीबीच्या गोळ्या घ्या, सावली जाते.” लालबागच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज आठवड्यात तिसऱ्यांदा फिरलाय.

आधी सुईचं. बायप्सीच्या, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढायच्या, सुईनं कॅन्सर पसरणं अगदी क्वचित घडतं. पण अफवेला धागा कुठून मिळाला ते कळतं. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस ग्रंथी असते. तिथली गाठ सीटी स्कॅनवर थायमोमासारखी (थायमसच्याच पेशींची गाठ), आटोपशीर दिसली, तर सर्जन बरेचदा बायप्सी न करता आवरणासकट अख्खी काढतात. त्याच जागी लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, असेल तर? तो कापून बरा होत नाही, केमो लागते, आणि कुठली केमो हे तुकडा तपासल्याशिवाय ठरत नाही. तरुण मुलग्यात तिथे जर्म सेल ट्यूमर, म्हणजे बीजपेशींची गाठ, हीही निघते. म्हणून रक्तात एएफपी आणि बीटा-एचसीजी ही त्या गाठीची खूण देणारी द्रव्यं बघतात. जागा एक, वाटा तीन.

टीबी. मुंबईत एक्स-रेवर सावली म्हटली की टीबी, हे समजू शकतं. टीबीच्या गाठीही तिथेच होतात. म्हणूनच पुरावा हवा. थायमोमावर त्या गोळ्यांचा उपयोग शून्य, महिने मात्र जातात.

माझ्या मावशीचे महिनेही असेच वाया गेले. संध्याकाळी मेथी निवडताना पापण्या मिटायच्या, एकाच्या दोन काड्या दिसायच्या. दोनदा चष्मा बदलला. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनं रक्तातल्या अँटीबॉडी तपासल्या: मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकवणारा आजार. मग सीटी, मग गाठ. थायमोमाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांना हा आजार असतो. तो आधी औषधांनी काबूत आणतात, नाहीतर ऑपरेशननंतर श्वासाचे स्नायूच दगा देतात.

“छाती फाडतात”: गाठ मोठी किंवा रक्तवाहिन्यांना चिकटलेली असेल तर हाड उभं कापतात, खरंय, आणि स्टीलच्या तारांनी परत बांधतात. मावशीचं तसंच झालं. लहान गाठ बरगड्यांमधून, दुर्बिणीनं किंवा रोबोटनं निघते. आणि हे काल आलेलं खूळ नव्हे. ब्लॅलॉक या अमेरिकन सर्जननं मायस्थेनियाच्या तरुणीची थायमसची गाठ १९३६ साली काढली होती.

गाठ गेली म्हणून अशक्तपणा दुसऱ्या दिवशी पळत नाही, हेही सांगायला हवं. मावशी अजून जेवणाआधी अर्धा तास गोळी घेते. विसरली तर अर्ध्या भाकरीतच जबडा थकतो.