माघारी आलासा व्हय?

गावात पाय ठेवल्यापासून हा प्रश्न शंभरदा तरी ऐकला असेल. गिरणीत दळण टाकताना, विट्याच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, अगदी एसटीत तिकीट काढताना. "माघारी आलासा व्हय? बरं झालं बाई, कायबी झालं तरी आपलं गाव ते आपलं गाव." विचारणाऱ्याच्या पोटात माया असते, हे मला कळतं. पण धाकट्याच्या शाळेत जे झालं, त्यानंतर ह्या 'माघारी' शब्दावर एकदा मनातलं सगळं लिहायचं ठरवलं. पोस्ट लांबलचक होणार आहे. आमच्या गलाईवाल्यांच्या घरातल्या बायकांनी तरी ती शेवटपर्यंत वाचावी.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या पूर्वेला, घाटमाथ्यावर. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि शेजारच्या खटाव-माणच्या लोकांना गलाई म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. जुने दागिने, सोनाराच्या दुकानातला चुरा-कचरा गाळून त्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं काढायचा हा धंदा. सोन्यात साधारण तिप्पट चांदी घालून गाळायचं, त्याचे बारीक तुकडे करून तेजाबात उकळायचे. चांदी-तांबं विरघळून जातं, सोनं तळाला तपकिरी भुकटी होऊन राहतं. ती धुऊन पुन्हा मुशीत घातली की पिवळीधमक लगड. उकळताना जो लालसर-तपकिरी धूर उठतो, तो श्वासातून आत जातो आणि तिथेच घर करतो. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जिथे सराफ बाजार आहे, तिथे एखाद्या गल्लीत जिना चढून जा, भट्टीशेजारी आमच्या भागातला माणूस बसलेला दिसेल.

माझे सासरे, म्हणजे मामा, १९७२ च्या दुष्काळात बाहेर पडले. तेव्हा सोळा वर्षांचे होते. त्याआधी दुष्काळी कामावर खडी फोडली, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाल्ली. मग गावातल्या एकाच्या मागोमाग रेल्वेत बसले ते थेट अमृतसरला उतरले. गुरू बाजारात दुसऱ्याच्या दुकानावर आठ वर्षं भट्टी फुंकली, नंतर स्वतःचं दुकान टाकलं. १९८४ च्या जूनमध्ये कर्फ्यूत अडकले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या सरदारजींच्या घरातून त्यांना ताट यायचं. त्या घरातल्या आजींना आमची मुलं 'बीजी' म्हणतात. मी लग्न होऊन तिथे गेले तेव्हा मला पंजाबीचा एक शब्द येत नव्हता. बीजींनी मला हाताला धरून भाजी मंडईत नेलं, दोन्ही बाळंतपणांत तुपातल्या पिन्नी करून घातल्या.

सहा वर्षांपूर्वी मामा तिथेच वारले. ह्यांचा खोकला दोन वर्षांपासून थांबेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धूर सोडा. धंदाही पहिल्यासारखा राहिला नव्हता. २०२१ च्या जूनपासून हॉलमार्क सक्तीचा झाला, टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढायला मशिनं आली, हातभट्टीवर येणारं काम आमच्यापुरतं तरी कमी होत गेलं. इकडे आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, एकट्या, आणि टेंभू उपसा योजनेचं पाणी आमच्या शिवारापर्यंत पोचलेलं. ह्यांनी ठरवलं, दुकान भाच्याच्या हवाली करायचं आणि गावाकडं जायचं. माझं काही म्हणणं नव्हतं. मुलांना मात्र कुणी विचारलं नाही, हे मी आज कबूल करते. मीसुद्धा विचारलं नाही.

सगळ्यांचा सल्ला एकच होता. सामान ट्रकमध्ये घाला, तुम्ही विमानानं पुण्याला उतरा, संध्याकाळी घरात. मी हट्ट धरला की गाडीनंच जायचं. माझ्या लग्नानंतर मला रेल्वेत बसवलं, दोन रात्री झोपेत गेल्या आणि उतरले तर सगळंच वेगळं. कुठलं काय कुठं संपलं आणि कुठं सुरू झालं हे कळलंच नाही. वर्षभर मी पहाटे जागी व्हायची ती माहेरच्या अंगणात आहे असं समजूनच. मुलांचं तसं होऊ नये एवढीच इच्छा होती. आपण किती लांब चाललोय, हे त्यांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे होतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात आम्ही घुमानला जाऊन आलो. अमृतसरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर, गुरदासपूर जिल्ह्यात. पंढरपूरचे नामदेव महाराज इथे येऊन राहिले. २०१५ साली ८८ वं मराठी साहित्य संमेलन ह्याच गावात भरलं होतं, डॉ. सदानंद मोरे अध्यक्ष होते. तिथे धाकट्यानं त्याच्या खाऊच्या पैशातून गुरुमुखीतली एक छोटी पोथी घेतली, नामदेवांच्या पदांची. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, ती त्यात आहेत. त्या पोथीबद्दल पुढे सांगते.

बैसाखी झाल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो. ट्रक आदल्या दिवशी गेला होता. (तो सांगितलेल्या तारखेच्या सहा दिवस उशिरा पोचला आणि माझ्या शिलाई मशीनचं चाक तुटलेलं निघालं, भरपाईसाठी अजून फोन करतेय.) गाडीत माझ्या मांडीवर देव्हाऱ्यातले टाक, लाल फडक्यात बांधलेले. ह्यांच्या पायाशी मामांची शेवटची मूस. कडा झिजलेली, आतून टाकणखाराची हिरवट काच चढलेली, आणि उजेडात तिरकी धरली तर तळाशी सोन्याचा मोहरीएवढा ठिपका चमकतो. तो ठिपका हे कधीच काढून घेणार नाहीत. बीजी जिना उतरून खाली आल्या, त्यांनी पिन्नीचा डबा थोरलीच्या हातात दिला आणि काही न बोलता तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. गाडी सुरू होईपर्यंत हात सोडले नाहीत.

बियासच्या पुलापर्यंत थोरली गप्प होती. पुलावर म्हणाली, "मम्मी, आपण गावाला जातोय ना, मग मला घरातून गेल्यासारखं का वाटतंय?" बाहेर कापणी झालेल्या गव्हाची शेतं, कुठे कुठे कंबाइन फिरत होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा जन्म तिथला, शाळा तिथली, मैत्रिणी तिथल्या. तिच्यासाठी 'गाव' म्हणजे मे महिन्यातले वीस दिवस आणि विट्याच्या दसऱ्याला पाहिलेली पालख्यांची शर्यत. आपण मोठी माणसं म्हणतो माघारी चाललो. जी पोर तिथून कधी निघालीच नव्हती, ती माघारी कशी येईल?

दुपारी पानिपतला थांबलो. हे आम्ही आधीच ठरवलं होतं. काला आंबच्या स्मारकापाशी ऊन रणरणत होतं, आमच्याशिवाय दोनच माणसं. १४ जानेवारी १७६१. मुलांना ह्यांनी सगळं सांगितलं. तिथला एक म्हातारा राखणदार आमची मराठी ऐकून जवळ आला. स्वतःला रोड मराठा म्हणवत होता. हरियाणात ह्या समाजाचे बरेच लोक आहेत, आपण पानिपतानंतर इथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत असं ते सांगतात. मराठी त्याला येत नव्हती. धाकट्यानं विचारलं, "बाबाजी, आप वापस क्यों नहीं गए?" म्हातारा म्हणाला, "बेटा, वापस कहाँ? घर तो यही है।" त्याच्या आवाजात कसलंही दुःख नव्हतं. मला वाटतं बियासच्या पुलावरचं उत्तर थोरलीला तिथे मिळालं, कारण मुरथलला पराठे खाताना ती पहिल्यांदा हसली.

पुढचं थोडक्यात सांगते. दिल्लीत न शिरता कुंडलीहून मानेसरला गेलो आणि ४८ नंबरच्या महामार्गाला लागलो. हाच रस्ता जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई, पुणे करत साताऱ्यावरून कराडला येतो. मुलं दर पाटीवर तो ४८ शोधायची. पहिली रात्र हॉटेलात काढली. पुढे हॉटेल लागलं नाही, आमच्या माणसांना सहसा लागतही नाही. उदयपूरला ह्यांच्या मावसभावाचं दुकान, सुरतला गावातल्या दोघांची भागीदारीतली पेढी. भट्टीच्या वरच्या खोलीत गाद्या टाकलेल्या, आणि दोन्ही ठिकाणी रात्री अकराला गरम भाकरी आणि खर्डा. ह्या दोन्ही घरांतल्या बायकांनी मला जे विचारलं ते मी विसरणार नाही. "तू खूश आहेस का गं जायला?" चार दिवसांत आणि नंतरच्या तीन महिन्यांत मला हे फक्त त्यांनीच विचारलं.

चौथ्या दिवशी खंबाटकी घाट चढताना धाकट्याला उलटी झाली, साताऱ्याला अजिंक्यताऱ्यावर दिवे लागलेले दिसले. कराडहून कडेगावमार्गे विट्याकडे वळलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. कडेगाव ओलांडल्यावर ह्यांनी अचानक गाडी बाजूला घेतली. टेंभूच्या कालव्याला आवर्तन सुटलं होतं. अंधारात पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवून ते टप्प्याटप्प्यानं उचलत इथपर्यंत आणलंय. त्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीच्या पाणी परिषदेत वर्षानुवर्षं माणसं जागी ठेवली. ज्या पाण्यापायी मामा सोळाव्या वर्षी घर सोडून गेले, ते पाणी त्यांच्या लेकाच्या पायाशी वाहत होतं. हे मूस हातात घेऊन खाली उतरले, ओंजळभर पाणी तिच्यात घेतलं आणि काठावर ओतलं. मग तिथेच बसून राहिले. हे माघारी आले, ते तिथे. त्यांच्यासाठी तो शब्द अगदी खरा आहे, त्यांना तुम्ही हजारदा विचारा.

आता शाळेचं. थोरलीला मराठी वाचता येतं, लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. २०२० च्या कायद्यानं आपल्या राज्यात सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं आहे आणि ते योग्यच आहे, मला मान्य आहे. ती रोज रात्री आत्यांपाशी बसून शुद्धलेखन करते. धाकटा सहावीत. पहिल्याच आठवड्यात हजेरी घेताना त्याचं नाव आलं आणि तो सवयीनं "हांजी" म्हणाला. वर्ग हसला. मुलं हसणारच, मुलं आहेत. पण सरही हसले आणि म्हणाले, "पाजी, इथं 'हजर' म्हणायचं." पाजी म्हणजे पंजाबीत दादा, पण तेव्हापासून पोरं त्याला चिडवायला पाजी म्हणून हाक मारतात. तो घरी आल्यावर बोलेनासा झाला. बीजींचा व्हिडिओ कॉल आला की बाहेर निघून जातो, म्हणजे शेजारी कुणाला पंजाबी ऐकू जायला नको.

नातेवाईक म्हणतात, लहान आहे, विसरेल. मी तेवीस वर्षं परक्या गावात काढली आहेत. पोरं विसरत नाहीत, लपवायला शिकतात. आणि मला राग ह्याचा येतो की आपल्या भागातल्या किती घरांतून माणसं पिढ्यान् पिढ्या बाहेर गेली. मदुराईला, कानपूरला, त्रिशूरला. तिथल्या लोकांनी आपली मोडकी तमिळ, मोडकी मल्याळम ऐकून घेतली, दुकानं दिली, घरं भाड्यानं दिली, अडचणीला ताटं पाठवली. आणि त्याच लोकांची भाषा आपल्या पोरांच्या तोंडून आली की आपण हसतो. एकेका शाळेत अशी चार-पाच मुलं असतात. कुणाला तमिळ वाचता येतं, कुणाला बंगाली. बाईंनी एक दिवस त्या मुलाला फळ्यापाशी बोलावून त्याच्या लिपीत त्याचं नाव लिहायला सांगितलं तर काय बिघडेल? गावानं 'माघारी आलास का' ऐवजी 'तिकडं कसं होतं रे' असं विचारलं तर?

गेल्या एकादशीची गोष्ट. आत्यांची वारी गुडघ्यांमुळे बंद आहे, सकाळपासून गाथा घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी धाकट्याला हाक मारली, "तुझी ती पोथी आण की. आमच्या नामदेवाचं काय लिव्हलंय त्यात, वाच बघू." तो आधी नाही म्हणाला. मग आत गेला, हात धुतले, डोक्याला रुमाल बांधला, पोथी दोन्ही हातांवर धरून बाहेर आला आणि मांडी घालून बसला. त्यानं डोकं झाकलेलं बघून आत्यांनीही पदर डोक्यावर घेतला. तो गुरुमुखीतून सावकाश वाचत गेला. आत्यांना अर्थ लागत नव्हता, पण 'नामा' शब्द आला की त्या मान हलवायच्या आणि "ऱ्हा, फिरून म्हण" म्हणायच्या. आमच्या अख्ख्या गावात ते अक्षर वाचू शकणारी दोनच माणसं आहेत, आणि दोन्ही माझ्या पोटची.

सोमवारी मी शाळेत जाणार आहे. सरांशी भांडायला नाही, ते शिकवायला चांगले आहेत असं थोरली पण सांगते. ती पोथी आणि मुलगा दोघांना घेऊन जाणार आहे, आणि प्रार्थनेनंतर त्याला पाच मिनिटं द्या एवढंच मागणार आहे. कुठलं पद वाचायचं हे त्यानं आणि आत्यांनी ठरवून ठेवलंय, मला अजून सांगितलेलं नाही.