काळ, काम आणि लंगोट

छत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. त्यातली निम्मी तरी काळ-काम-वेगाच्या उदाहरणांत गेली असतील. हौदाला दोन नळ आहेत, एक भरतो, दुसरा रिकामा करतो, तर हौद भरायला किती वेळ लागेल? दर वर्षी एखादा वात्रट उभा राहायचा, "सर, पण दोन्ही नळ एकदम चालू ठेवतं कोण?" मी त्याला खाली बसवायचो. यंदा ज्येष्ठ संपता संपता आमच्या घरी ते करणारी व्यक्ती जन्माला आली. वजन दोन किलो आठशे ग्रॅम.

लेक पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून रत्नागिरीला आली होती. बाळाला कापडी लंगोट की बाजारचे डायपर, हा प्रश्न बारशाच्याही आधी उभा राहिला. अशा वादात आजी कापडाच्या बाजूची आणि आई डायपरच्या बाजूची असते, असा माझा समज. आमच्याकडे उलटं निघालं. लेक म्हणाली, प्लास्टिकचा एकही डायपर वापरायचा नाही, पृथ्वीवर कचऱ्याचे डोंगर झालेत. आमची ही म्हणाली, "पृथ्वीचं मला सांगू नकोस. तुझ्या वेळी नळाखाली उकिडवी बसून माझी कंबर गेली. आता मिळतंय ना विकत? मग आणा."

मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला लाइटबिल भरायला जाता आलं असतं. पण निवृत्त मास्तराला मत विचारणारं कोणी भेटत नाही, त्यामुळे विचारलं की तो थांबतो. मी घसा साफ करून म्हणालो, "आमच्या वेळी कुठे होते डायपर? धोतराचे लंगोट, साडीची दुपटी, खाली मेणकापड. काही अडलं नाही कोणाचं."

"१९९३ साली तुम्ही किती लंगोट धुतलेत?" हिने विचारलं.

गणितात शून्याला फार महत्त्व आहे, हे मी मुलांना नेहमी सांगत असे. तेवढ्यापुरतं मी ते मनातल्या मनात म्हटलं. खरं सांगायचं तर त्या वर्षी मी शून्य लंगोट धुतले. उलट आळीत कोणी म्हणालं, "मास्तर, तुमची मुलगी कशी लख्ख असते हो," की मी मान हलवून म्हणायचो, "हो, लक्ष ठेवावं लागतं."

"ठीक," ही म्हणाली. "कापडीच वापरू. धुणार तुम्ही."

लेकीने आनंदाने माझा हात धरला. माझा निकाल माझ्यावरच लागला होता.

कामाला लागायच्या आधी मी रीतसर उदाहरण मांडलं. तान्हं बाळ दिवसाला साधारण वीस वेळा कपडा ओला करतं. रत्नागिरीच्या पावसात धुतलेला कपडा वाळायला दोन दिवस. म्हणजे किमान चाळीस लंगोट हवेत. घरात होते चोवीस, माझ्या वडिलांच्या धोतरांतून शेजारच्या काकूंनी शिवून दिलेले, नाडीचे. आणि जावयांनी पुण्याहून सोळा आधुनिक कापडी डायपर पाठवले होते, हत्ती आणि कलिंगडांची चित्रं असलेले. चोवीस अधिक सोळा, बरोबर चाळीस! भागाकार निःशेष गेल्याचा जो आनंद असतो, तो गणिताच्या माणसालाच कळतो. तो दीड दिवस टिकला.

आधी त्या हत्ती-कलिंगडांचं सांगतो. हे लंगोट नव्हेत, यंत्रं आहेत. बाहेरून पाणी न झिरपणारं कापड, आत खिसा, खिशात इन्सर्ट नावाची जाड घडी, आणि पुढे तीन रांगा टिचबटणं, बाळ वाढेल तसं माप वाढवायला. सोबतच्या पत्रकात लिहिलं होतं की बांबूच्या धाग्याचे इन्सर्ट वापरण्याआधी चार-पाच वेळा धुवावेत, म्हणजे ते नीट शोषू लागतात. अजून काही मळलेलंच नव्हतं आणि माझी चार धुणी झाली होती! शिवाय साधा लंगोट दोन दिवसांत वाळतो, ह्या घडीला तीन लागतात. चौथ्या दिवशी मी एक इन्सर्ट उजेडात धरून पाहिला, बांबूच तो, कोंब फुटला नाही ना म्हणून.

धोतराचे लंगोट मात्र काय मऊ! वडिलांनी ती पांढरीशुभ्र धोतरं नीळ घालून हयातभर जपली. नातीच्या मुलीने तीन दिवसांत... नाही, पणतीच ती. पणतीने पणजोबांचं शुभ्रपण तीन दिवसांत हळदीच्या रंगाचं केलं. हे डाग उन्हात आपोआप उडतात, असं ही म्हणाली. ऊन कधी पडेल, ते नाही म्हणाली.

घरभर दोऱ्या बांधल्या. पडवीत दोन, ओटीवर तीन, माजघरात एक तिरकी. बाळाला बघायला येणारा प्रत्येक जण दारातूनच कमरेत वाकून आत यायचा. पहिल्यांदा मला वाटलं, मास्तर म्हणून आदर आहे. बाहेर पागोळ्या, आत लंगोटांच्या पागोळ्या. शेवटी हिने शेगडीत निखारे घालून त्यावर बांबूची टोपली पालथी घातली, चिमूटभर ओवा टाकला आणि टोपलीवर लंगोट पसरायला शिकवलं. सुंदर वाळतात, वासही छान येतो. फक्त तिथून उठायचं नसतं. मी पेपरातलं शब्दकोडं आणायला उठलो आणि एका लंगोटाला नेमक्या मधल्या जागी भाकरीएवढं भोक पडलं.

कुबट वास जावा म्हणून एकदा शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करायचं सुगंधी द्रावण ओतलं. लंगोटांना बागेसारखा वास आला आणि त्यांनी पाणी घ्यायचं बंद केलं. त्या द्रावणाचा धाग्यावर थर बसतो, मग ओल शोषली जात नाही. बाळाने केलेलं सगळं, जसंच्या तसं, माझ्या मांडीवर आलं. सुवासिक.

लेक ह्या काळात मला धीर द्यायला मोबाइलवर अभ्यास करत होती. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २००८ सालचा अहवाल तिला सापडला. एका बाळाची पहिली अडीच वर्षं धरली तर फेकायच्या डायपरांपायी सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा वायू हवेत जातो, आणि कापडीपायी ५७०.

"म्हणजे कापडी वीस किलोने हरले," ही खिचडी ढवळता ढवळता म्हणाली.

"पुढे ऐक गं आई. मशीन पूर्ण भरून धुतले, पाणी साठ अंशांच्या वर तापवलं नाही, दोरीवर वाळवले आणि तेच दुसऱ्या मुलाला वापरले, तर कापडीचा आकडा चाळीस टक्क्यांनी खाली येतो आणि ते जिंकतात."

"दुसरं?" हिने झारा खाली ठेवला. "दुसरं कधी म्हणालीस?"

पर्यावरणाची चर्चा तिथे संपली. मला मात्र तो अहवाल आवडला. उत्तर धुणाऱ्यावर अवलंबून आहे, असं सरकारी कागदावर पहिल्यांदाच पाहिलं.

आता आषाढी एकादशीचं.

आदल्या रात्री वारा सुटला आणि आळीतले लाइट गेले. वाळलेले लंगोट संपलेले, शेगडी विझलेली. मध्यरात्री हिने कपाटातून गुपचूप एक पुडकं काढलं. डायपरचं. कधी आणलं होतं कोण जाणे, मी विचारलं नाही. लेकही काही बोलली नाही. बाळ पाच तास झोपलं आणि त्याच्यामागे आम्ही तिघं. पहाटे चारला लाइट आले. पावसाळ्यात कोकणात लाइट आले की माणूस आधी मशीन लावतो, मग डोळे उघडतो. मी अंधारातच बादली उचलून मशीनमध्ये उपडी केली.

पाऊण तासाने झाकण उघडलं तर आत साबुदाणा! भिजवून फुगलेला, पांढरा, लुसलुशीत, किलोभर. लंगोटांना चिकटलेला, हत्तींच्या सोंडांत अडकलेला. क्षणभर वाटलं, एकादशीच्या दिवशी विठ्ठलाने काहीतरी सुचवलं आहे.

बादलीत तो एक डायपर गेला होता, आणि मशीनमध्ये फुटला होता. मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या निवृत्त सरांना पहाटे पाचला फोन केला. त्यांना इतका आनंद झालेला मी कधी ऐकला नव्हता. म्हणाले, ती सोडियम पॉलिअॅक्रिलेटची भुकटी. साधं पाणी असेल तर वजनाच्या कैकशे पट पिते. लघवीत क्षार असतात, म्हणून तिथे बरंच कमी पिते. तुम्ही तिला मशीनभर गोडं पाणी पाजलंत. आता मीठ टाका, पाणी सोडेल. जाडं मीठ घेऊन मशीनमध्ये मूठमूठ टाकताना हिने मला पाहिलं. "लोणचं घालताय?" एवढंच विचारलं. मीठ टाकल्यावर तो साबुदाणा खरोखर बसला. नाश्त्याला खिचडी होती. मी वरीचे तांदूळ मागून घेतले.

त्या दिवसापासून दिवसा लंगोट, रात्री डायपर, असा तह झाला. तो कोणी बोलून केला नाही. रात्रीच्या त्या एका डायपरचं काय करायचं, हाही प्रश्न होताच. मी एक कलमाच्या मुळाशी पुरून पाहिला. कुत्र्याने तो उकरून शेजाऱ्यांच्या तुळशीवृंदावनापाशी नेऊन ठेवला. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचा. मी वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून घंटागाडीवरच्या ताईंना दिला. त्यांनी पुडी हातात तोलून पाहिली. "गुंडाळून देता ते बरं करता सर. बाकीचे उघडेच टाकतात, आणि ते आम्ही हाताने काढतो." मग पुढच्या घराकडे वळल्या. त्या दिवशी मी चार लंगोट जास्त धुतले.

श्रावणात पहिलं स्वच्छ ऊन पडलं. मी सगळे लंगोट अंगणातल्या दोरीवर घातले, नाड्या एका बाजूला, चिमटे एका रंगाचे. पिवळे डाग दुपारपर्यंत खरंच उडाले. वडिलांची धोतरं पुन्हा ओळखू आली. मी मोरीत दुसरी बादली घेऊन बसलो होतो, कोपरापर्यंत फेस, तेवढ्यात कोल्हापूरहून विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. ही ओटीवर झोपाळ्यावर चहा घेत बसली होती. तिने मोबाइल दोरीकडे फिरवला.

"अगं बाई, सगळे कापडी? आणि कसे लख्ख!" विहीणबाईंचा आवाज मोरीपर्यंत आला. "ह्या पावसात किती करता हो तुम्ही!"

हिने चहाचा घोट घेतला, शांतपणे मान हलवली.

"हो," म्हणाली, "लक्ष ठेवावं लागतं."