भोगीची भाजी आणि विकतचा ऊस

दिवाळीत सगळे जमलेलो तेव्हा फराळाच्या नादात मी बोलून गेलो की औंदा भोगीला सगळ्यांनी आमच्याकडं सांगलीला या, भाजी मी करतो. भोगीचं जेवण म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी, लोण्याचा गोळा आणि ती भाजी. भाकरी काकू करणार, खिचडी आई, लोणी कराडची आत्या आणणार. माझ्याकडं काय तर "फक्त भाजी". हे फक्त ज्यानं कुणी म्हटलं त्याला बावीस माणसांचे पावटे सोलायला बसवलं पाहिजे.

2024 ची गोष्ट. त्या वर्षी संक्रांत 15 जानेवारीला आली त्यामुळं भोगी 14 ला, आणि 14 ला नेमका रविवार, म्हणजे ऑफिसचं कारणपण गेलं.

शनिवारी संध्याकाळी शिवाजी मंडईत. तिथं निम्मी सांगली आधीच हजर, पाय ठेवायला जागा नाही. पावटा, घेवडा, गाजरं, ओल्या भुईमुगाच्या शेंगा, बोरं, हरभऱ्याच्या पेंड्या सगळं भराभर घेतलं आणि वांग्यांपाशी अडकलो. कृष्णाकाठच्या वांग्यांचा आपल्याकडं कसला अभिमान असतोय ते सांगायला नको, म्हणून मी एकेक वांगं देठाला धरून, फिरवून, किडकं नाही ना बघत बसलो तर मावशी म्हणाल्या, "पोरगी बघायला आल्यागत काय बघताय, वांगीच हाईत ती." पुढं वाणाच्या साहित्यात ऊस दिसला. वीस रुपये देऊन एक कांडं उचललं. (ही चूक लक्षात ठेवा.)

रात्री सोलायला बसलो. हरभऱ्याला आंब असते हे मला माहीत होतं, पण बोटाला कापलेलं असताना ती काय करते हे माहीत नव्हतं. आणि त्या एकेका घाट्यात दाणे किती, तर एक, फार तर दोन. तासभर सोलून वाटी भरली म्हणून खूश होऊन बायकोला दाखवली. ती म्हणाली, "आजोबांपुरती झाली, बाकी एकवीस जणांचं बघ." आणि झोपायला गेली. फ्रोजन मटार टाकावेत का, असा एक पापी विचार साडेअकराच्या सुमारास मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू.

मध्येच आत्याचा फोन. "बाळ्या, सणाची भाजी हाय, कांदा-लसूण घालू नगंस बरं का." ठेवला तर लगेच काकूचा. "आपली कांदा-लसूण चटणी घातल्याबिगर तिला भाजी म्हणायची का रं?" मी दोघींना हो म्हटलं. माझा स्वभावच तसा आहे.

खरी मजा सकाळी. एवढं मोठं पातेलं घरात नाही, ते शेजारच्यांकडून आणलं, तर ते आमच्या शेगडीवर बसेना, बसलं तर दुसरा बर्नर झाकला गेला आणि आईची खिचडी लटकली. तीळ भाजायला घेतले तर निम्मे कढईत आणि निम्मे माझ्या चष्म्यावर. आणि मुख्य घोळ म्हणजे पावटा, सोलाणे, शेंगदाणे आधी शिजवायचे, मग घेवडा-गाजर, वांगी शेवटाकडं आणि बोरं अगदी उतरायच्या आधी, हे शहाणपण मला नंतर आलं. मी वांगी सगळ्यात आधी घातली, कारण त्यांच्यावर मेहनत जास्त घेतली होती. पावटा शिजेपर्यंत वांगी गायब. नुसती देठं वर तरंगत होती. मग तिळाचं कूट, गूळ, चिंच, आणि आत्याचं लक्ष नाही असं बघून चटणीचे दोन चमचे.

पंगत बसली. आत्या पहिल्या घासालाच म्हणाली, "बघा, बिनलसणाची कशी गोड लागतीय." काकू माझ्याकडं बघून डोळा मिचकावून गेली. पोरांनी भाजीतली बोरं आणि उसाचे तुकडे तेवढे उपसले आणि बाकी ताटात ठेवलं. आजोबांनी बोरांच्या बिया ताटाच्या काठावर मांडून मोजल्या, चार झाल्या, "मागच्या साली सात हुत्या" म्हणाले. चुलतभाऊ म्हणाला, "वांगी मिळाली न्हाईत व्हय मंडईत?" मी त्याच्या ताटात एक देठ ठेवलं.

तरी पातेलं रिकामं झालं. न खाई भोगी तो सदा रोगी, ह्या भीतीनं का असंना, पण झालं. मी जरा छाती काढून हात धुवायला उठतोय तोवर वाळव्याचे काका उसाचा तुकडा चघळत म्हणाले, "ऊस कुणाच्या रानातला रं?"

मी खरं सांगितलं. वीस रुपयाला कांडं, मंडईतनं.

सगळी पंगत गप. जानेवारी महिना, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या, काकांचा स्वतःचा दोन एकर तोडणीला आलेला, आणि त्यांच्या पुतण्यानं ऊस विकत घेतला. काका चिपाड बाजूला ठेवून एवढंच म्हणाले, "एक फोन करायचा हुतास की लगा."

दुसऱ्या दिवशी, ऐन संक्रांतीला, दारात अख्खी मोळी. गॅलरीत ती मावेना म्हणून जिन्यात उभी केली. मग सोसायटीतला प्रत्येक माणूस वर चढताना विचारायचा, ऊस कितीला घेतला.