उकळत्या लाव्हावरचा गोवा: साखळीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया आधी रागाने वाचली, मग माझा गोव्याच्या दगडांवरचा लेख उघडून पुन्हा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. गोव्यातल्या साखळी गावच्या या वाचकांचे तीन आक्षेप आहेत. भूपट्ट म्हणजे प्लेट्स ‘उकळत्या लाव्हावर तरंगतात’ हे मी लिहिलेलं धादांत चूक आहे. गोव्याचा दगड सह्याद्रीच्या लाव्हाचाच आहे, चोर्ला घाटातून त्यांनी स्वतः काळा तुकडा घरी आणलाय. आणि भारत वर्षाला ५ सेंटिमीटर सरकत असेल, तर त्यांच्या आजोबांनी बांधावर पुरलेले दगड अजून जागच्या जागी कसे?

पहिला मुद्दा तुमचा, पूर्णपणे तुमचा. सोपं करून सांगायच्या नादात मी चुकीचं लिहिलं. भूपट्टांच्या खालचं प्रावरण, म्हणजे गाभ्यापर्यंतचा जाड थर, घट्ट दगडाचं आहे. हे कळलं भूकंपांमुळे. भूकंपाच्या एस लहरी दगडाला आडवे हिसके देत पुढे जातात आणि द्रवातून त्या जाऊच शकत नाहीत. प्रावरणातून मात्र खुशाल जातात. अडतात त्या थेट २९०० किलोमीटर खोल, गाभ्याच्या वेशीवर. भूकंपाच्या नोंदींत या लहरी वेगळ्या ओळखणारे रिचर्ड ओल्डहॅम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. १८९७ च्या आसाम भूकंपाच्या अभ्यासातून त्यांना ही वाट सापडली आणि १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचा पुरावा त्यांनी मांडला.

मग घट्ट दगड वाहतो कसा? रस्त्याच्या कामानंतर कडेला उरलेलं डांबराचं आडवं पिंप आठवा. थंडीत हातोडा घातला तर डांबराची ढलपी उडते, आणि तेच पिंप चार महिने पडून राहिलं की डांबर तोंडातून ओघळून जमिनीवर पसरलेलं असतं. घाई केली तर तुटतं, वेळ दिला तर वाहतं. (प्रावरणातला दगड स्फटिकांचा, डांबर तसं नाही, त्यामुळे उपमा इथेच सोडतो. परत पकडला जायचो.) वितळलेला दगड लागतो तो ठरावीक जागीच. जिथे तापलेलं प्रावरण वर चढतं आणि त्यावरचा दाब उतरतो, किंवा जिथे समुद्रतळ खाली बुडताना सोबत पाणी नेतो. लेखातलं ते वाक्य मी बदललंय.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. तुम्ही आणलेला तुकडा बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाचा, असू शकतो, कारण सत्तरी तालुक्याच्या ईशान्य कोपऱ्यात दख्खनच्या लाव्हाची कड गोव्यात शिरलेली आहे. पण कड म्हणजे राज्य नव्हे. तो लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि अनमोड घाटातला पट्टेदार नाइस खडक सुमारे ३४० कोटी वर्षांचा. म्हणजे पन्नासपट जुना! डिचोली-सांगे पट्ट्यातलं लोहखनिज ज्या थरांत आहे, तेही लाव्हाच्या कितीतरी आधी समुद्रतळाशी साचलेले. आपण महाराष्ट्रात छापलेली भूगोलाची पुस्तकं वाचून मोठे झालो, त्यामुळे डोंगर दिसला की तोंडातून ‘अग्निजन्य’ निघतं. माझ्याही निघायचं.

आणि घरादाराचे चिरे? तेही लाव्हाचे नव्हेत. चिरे ज्याचे कापतात तो जांभा हा उन्हापावसात जागच्या जागी कुजलेला खडक. पावसाने सिलिका धुऊन नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. खाली मूळ खडक कुठलाही असो, वर चिरा तयार होऊ शकतो, म्हणून चिरा पाहून खालच्या दगडाची जात सांगता येत नाही. खाणीत ओला असताना तो सहज कापला जातो आणि हवा लागली की टणक होतो, हे आपल्याकडचा कुठलाही गवंडी सांगेल. फ्रान्सिस बुकानन या ईस्ट इंडिया कंपनीच्या स्कॉटिश डॉक्टरला हेच मलबारात दिसलं आणि १८०७ मध्ये त्याने विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव छापलं.

आता बांधावरचे दगड. दगड सरकले, बांध सरकला, शेजाऱ्याचं शेत सरकलं, साखळीही सरकली, सगळं एकत्र. चालत्या कदंब बसमधल्या दोन प्रवाशांतलं अंतर कुठे बदलतं? मुक्तीपासून, म्हणजे १९६१ पासून, आपण तीन मीटरहून थोडे जास्तच ईशान्येला गेलो आहोत, फक्त ते मोजायला उपग्रह लागतात. ऑस्ट्रेलियाला तर याची दखल सरकारी पातळीवर घ्यावी लागली. त्यांचा भूपट्ट वर्षाला ७ सेंटिमीटर सरकतो, त्यामुळे १९९४ चे नकाशांचे निर्देशांक २०२० च्या मोजणीत १.८ मीटरने बदलावे लागले.

फरक जाणवतो तो भूपट्टाच्या कडेला, आणि ती कड कळंगुटच्या वाळूत नाही. पश्चिमेला ती भर अरबी समुद्रात, कार्ल्सबर्ग पर्वतरांगेशी आहे. तिथे समुद्रतळ दुभंगतो आणि नवा बेसाल्ट वर येतो. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश भूवैज्ञानिकांनी समुद्रतळ पसरत असल्याचं चुंबकीय पट्ट्यांवरून मांडलं, ते याच रांगेवरच्या मोजण्यांच्या आधारे. (होय, नाव बिअरवाल्या कार्ल्सबर्गचंच. गोव्याच्या समोर दुसरं काय असणार!)

तुमचा तो तुकडा टाकू नका. फोडून ताज्या बाजूचा फोटो पाठवा. सगळीकडे एकसारखा काळा आणि बारीक दाणा, मध्ये एखादं भोक किंवा पांढरा ठिपका दिसला, तर बेसाल्ट. काळे-पांढरे पट्टे दिसले, तर तुमच्या शोकेसमध्ये गोव्यातल्या सर्वांत जुन्या खडकांचा भाईबंद बसलाय.