रहिवासी आहोत, हे किती वेळा सांगायचं?

जर्मन कंपनीने रॉयल्टीवर तिथल्या नेहमीच्या १५.८२५ ऐवजी भारत-जर्मनी करारातला १० टक्केच कर कापावा असं वाटत असेल, तर आपला कर-रहिवासी दाखला, म्हणजे आपण करासाठी भारताचे रहिवासी असल्याचा दाखला, लागतो. २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांसाठी आयकर खात्याकडे करायचा अर्ज म्हणजे फॉर्म १०एफए, मिळणारा दाखला १०एफबी. फॉर्म साधाच, छळ पुढे आहे. त्यांना हवं कॅलेंडर वर्ष २०२५, आपला दाखला आर्थिक वर्षाचा. म्हणजे २०२४-२५ आणि २०२५-२६, दोन अर्ज! दुसऱ्यावर आयकर अधिकाऱ्याचं ठरलेलं उत्तर: "वर्ष संपू द्या, मग या." अहो, मागच्या चार वर्षांत ३६५ दिवस इथे काढलेला माणूस चालू वर्षात ६० दिवस भरले की रहिवासी ठरतो, म्हणजे ३० मेलाच! (परदेशी नोकरीला निघालेल्यांचं गणित वेगळं.) पासपोर्टच्या पानांच्या प्रती जोडल्यात, त्या बघा ना. त्यात पुण्यात स्थायिक होऊनही पॅन नागपूरच्या आयकर अधिकाऱ्याच्या कक्षेतच असेल, तर आधी तो वर्ग करून घ्या. तोवर तिकडे जर्मनीत पूर्ण कर कापला जातो, आणि परतावा मागायला पुन्हा हाच दाखला!